दर बारा दिवसांनी येणारा समुद्र: कल्पित जगातील रिवाज परिसरातून कसे उगवावेत?

खाजणकर

नमस्कार. एका दीर्घ अद्भुतकथेसाठी मी एक जग रचत आहे आणि तिथल्या माणसांच्या चालीरीतींपाशी येऊन अडलो आहे. जग थोडक्यात असे आहे: एक प्रचंड, उथळ, जवळजवळ सपाट खाडी, जिच्यात भरती रोज दोनदा न येता साधारण बारा दिवसांनी एकदा येते. ओहोटीत दूरवर चिखल आणि खाजण उघडे पडते. भरतीत फक्त माणसांनी रचलेले मातीचे उंचवटे पाण्याबाहेर राहतात आणि त्यांवरच वस्त्या आहेत. खाडीच्या पलीकडे कोरडे पठार आहे. आकाशात एकच चंद्र आहे.

आतापर्यंतच्या मसुद्यात उंचवट्यांवरचे लोक समुद्रासारखे धीरगंभीर आणि पठारावरचे तापट आहेत. लग्नाआधी तरुणाने चाल करून येणाऱ्या समुद्राच्या पुढे धावत घर गाठायचे, अशी प्रथा आहे. मृतांना भरतीच्या पाण्यात सोडतात आणि एका समुद्रदेवीची पूजा करतात. यातले काहीच चुकीचे म्हणता येणार नाही, पण वाचताना सगळे वरून चिकटवल्यासारखे वाटते. खाडी काढून तिथे वाळवंट ठेवले तरी हीच माणसे जवळपास जशीच्या तशी राहतील. परिसरातून रिवाज उगवतो तेव्हा मधल्या पायऱ्या कोणत्या असतात, याबद्दल आपले विचार वाचायला आवडतील.

ग्रहगणित

रिवाजांकडे जाण्याआधी तुमचे आकाश पक्के करून घ्यावे असे मी सुचवेन, कारण बारा दिवसांची भरती फुकट मिळत नाही. ग्रहाचा दिवस 24 तासांचा आणि चंद्राची प्रदक्षिणा 25 तासांची मानली, तर चंद्र आकाशात जवळजवळ खिळल्यासारखा दिसेल. तो रोज फक्त सुमारे 14 अंश पश्चिमेकडे सरकेल आणि त्याच जागी परत यायला त्याला 25 दिवस लागतील. भरती त्याच्या निम्म्या काळाने, म्हणजे साडेबारा दिवसांनी येईल. असा चंद्र आपल्या चंद्राच्या सुमारे नऊपट जवळ असावा लागतो आणि भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे त्याचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या सातशेव्या भागाइतके ठेवले तरी पुरते. गंमत अशी की, घनता तेवढीच असेल तर तो आकाराने आपल्या चंद्राएवढाच दिसेल.

आता याचे परिणाम पाहा. चंद्र जवळजवळ स्थिर आहे, पण सूर्य रोज फिरतो आहे. त्यामुळे अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या आणि परतीच्या साऱ्या कला सुमारे एका दिवसात उरकतील. म्हणजे चंद्राची कला हे घड्याळ आणि त्याची आकाशातील जागा हे भरतीचे वेळापत्रक. चंद्र इतका जवळ असल्यामुळे तो सलग सुमारे अकरा दिवस क्षितिजाच्या वर राहील आणि सुमारे चौदा दिवस खाली. एक भरती चंद्र डोक्यावर असताना येईल, तर पुढची चंद्राचा पत्ता नसताना. असे लोक या दोन भरत्यांना एकच नाव देतील हे मला संभवनीय वाटत नाही.

धावण्याची शर्यत मात्र टिकत नाही. भरती-ओहोटीतील फरक 6 मीटर आणि तळाचा उतार हजारास एक धरला, तर पाण्याची कड सरासरी दिवसाला एक किलोमीटरच पुढे येईल. सूर्याची भरती मात्र रोज दोनदा, ठरलेल्या वेळी येतच राहील. आपल्याकडे तिचा जोर चंद्राच्या भरतीच्या जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे कड दोन पावले पुढे, एक पाऊल मागे अशी येईल. तरीही तिचा वेग चालणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी कमी असेल. लहान मूलसुद्धा ही शर्यत जिंकेल. खरा धोका वेगळा आहे. पाठीमागच्या सखल घळी आधी भरतात. पाणी ओसरण्याची वेळ रोज तीच असते, पण वाट उघडी राहण्याचा अवधी रोज आखडत जातो आणि एके दिवशी वाट उघडतच नाही. या लोकांना बुडण्यापेक्षा भलत्या उंचवट्यावर अडकून पडण्याची भीती अधिक असेल.

जुनी वही

वरील शेवटचे वाक्य धरून पुढे जातो, कारण माझ्या मते मधली पायरी तिथेच आहे. परिसर माणसाला रिवाज देत नाही. तो काही गोष्टी महाग करतो, काही स्वस्त करतो आणि काही कामे एकट्याला अशक्य करून ठेवतो. त्या महागाईचा भार कोणी उचलायचा, यावरून माणसे भांडतात आणि त्या भांडणाचा निकाल पुढे रिवाज म्हणून उरतो. म्हणून "हे लोक कसे आहेत" असे विचारण्याऐवजी "यांच्याकडे सर्वांत दुर्मीळ काय आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे" असे विचारून पाहावे.

तुमच्या खाडीसारखी जागा इतिहासात होऊन गेली आहे. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर, आजच्या जर्मनी आणि नेदरलँड्सच्या पट्ट्यात, लोक भरतीपासून वाचण्यासाठी मातीचे उंचवटे रचून त्यांवर राहत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने त्यांचे वर्णन केले आहे: पाणी चढले की ते नावेतल्या खलाशांसारखे दिसतात आणि उतरले की फुटलेल्या गलबतावरच्या माणसांसारखे, ते चिखल वाऱ्यावर वाळवून जाळतात आणि घरापुढच्या खड्ड्यांत साठवलेले पावसाचे पाणी पितात. यांच्याकडे गुरे नाहीत, असेही त्याने लिहून ठेवले. पुढे 1955 ते 1963 या काळात फेडरसन विएर्डे येथील अशाच उंचवट्याचे उत्खनन झाले, तेव्हा लांबलचक घरे सापडली, ज्यांच्या एका टोकाला माणसे आणि दुसऱ्या टोकाला गुरांचे गोठे होते. परिसराकडे बाहेरून पाहणाऱ्याला जे अशक्य वाटले, ते आत राहणाऱ्यांनी केव्हाच साधले होते. आपण लेखक मंडळीही बहुतेक वेळा प्लिनीच्याच जागी उभे असतो.

गोड्या पाण्याचा खड्डा मी तुमच्या कथेच्या मध्यभागी ठेवला असता. सभोवार पाणी आणि पिण्याजोगे तेवढे त्या एका खड्ड्यात. त्यात एकदा उधाणाचे खारे पाणी शिरले की वस्तीचा सारा साठा गेला. मग खड्ड्याची कड कोण लिंपतो, पाहुण्याला किती पाणी द्यायचे, खड्ड्याजवळ काय करणे निषिद्ध आहे, भांडण झाल्यास कोणाचे पाणी तोडले जाते, यांतून पूजा, शिवी, शपथ आणि शिक्षा या चारही गोष्टी निघतील. समुद्रदेवीला कदाचित एका कोपऱ्यात समाधान मानावे लागेल.

दुसरी गोष्ट बांधांची. त्याच किनाऱ्यावर पुढे समुद्राला अडवणारे बांध आले आणि प्रत्येक जमीनमालकाकडे बांधाचा ठरलेला तुकडा सांभाळण्याची जबाबदारी आली. ज्याला ते झेपेनासे होई, तो आपले फावडे बांधात रोवून निघून जाई. जो कोणी ते उपसून घेई, त्याच्याकडे ती जमीन आणि तो बांध दोन्ही जात. कायदा, लाज, वारसा आणि निरोप एका फावड्यात आले, आणि त्यासाठी कोणाला स्वभावाने धीरगंभीर असावे लागले नाही. नेदरलँड्समध्ये अशा सामायिक कामासाठी तेराव्या शतकापासून जलमंडळे उभी राहिली आणि ती आजही चालू आहेत.

तिरपी रेघ

"धीरगंभीर" आणि "तापट" ही विशेषणे आधी काढून टाकावीत. हवामानावरून लोकांचे स्वभाव ठरवण्याची खोड ग्रीक वैद्यांपासून चालत आली आहे, अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत मॉन्तेस्क्यूने तिला प्रतिष्ठा दिली आणि वसाहतींवर राज्य करणाऱ्यांना ती फारच सोयीची ठरली. भूगोलाच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात तिच्याकडे पाठ फिरवली. कथालेखकांनी मात्र ती अजून सांभाळून ठेवली आहे.

"जुनी वही" यांच्या मांडणीलाही माझी एक हरकत आहे. महाग-स्वस्ताच्या हिशेबातून सगळेच निघत असते, तर एका परिसरात एकाच तऱ्हेचे लोक राहिले असते. ग्रीनलँडमध्ये सुमारे 985 साली उत्तर युरोपीय वंशाचे नॉर्स लोक येऊन वसले आणि पंधराव्या शतकापर्यंत टिकले; त्यांतील शेवटच्या काही शतकांत त्याच बेटावर इन्युइट लोकांचे पूर्वजही राहत होते. थंडी, बर्फ आणि सील दोघांच्याही वाट्याला आले होते. नॉर्स लोक पुढे पुढे सीलचे मांस भरपूर खाऊ लागले, तरी त्यांनी दगडी चर्च बांधली आणि गुराढोरांचे गोठे चालू ठेवले; शेजाऱ्यांची कातडी होडी आणि बर्फातील श्वासछिद्रांपाशी टपून करायची शिकार त्यांनी आपलीशी केल्याचा पुरावा मिळत नाही. माणूस कुठे राहतो याइतकेच, तो स्वतःला कोणाचा समजतो यावरही रिवाज ठरतो. तुमच्या खाडीत किमान दोन समाज असावेत, पाणी तेच आणि उत्तरे वेगळी.

खाजणकर

सर्वांचे आभार. शर्यत जाते आहे, पण तिच्या जागी मला अधिक चांगले काही सापडले आहे असे वाटते. वाट बंद होताना जो ज्या उंचवट्यावर असेल, तो पुढची वाट उघडेपर्यंत तिथला पाहुणा, मग तो वैरी का असेना. आणि या काळात त्याने यजमानांच्या खड्ड्यातून प्यायलेले पाणी मोजून ठेवले जाते, कारण ते पुढे फेडायचे असते. दुसरा समाज पाणी मोजणे हा अपमान मानतो, पण वैऱ्याला उंचवट्यावर चढूच देत नाही. अंत्यविधीचे मात्र अजून जमलेले नाही. मृतांना पाण्यात सोडणे हाच सर्वांत स्वाभाविक मार्ग नाही का?

जुनी वही

इतक्या सपाट खाडीत आणि इतक्या संथ भरतीत पाण्यात सोडलेला देह दूर जाणार नाही; ओहोटीत तो कोणाच्या तरी उंचवट्याखाली चिखलात सापडेल, बहुधा शेजाऱ्यांच्या. यातून एखादे पिढीजात वैर सहज निघेल, हवे असल्यास वापरा. उंचवट्यात पुरावे तर गोड्या पाण्याचा खड्डा जवळ. जाळावे तर लाकूड पठारावरून आणायला हवे.

तिबेटचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. तिथे देह गिधाडांना देण्याची रीत आहे आणि खडकाळ, गोठलेली जमीन व लाकडाची टंचाई ही तिची कारणे नेहमी सांगितली जातात. परंतु त्याच पठारावर थोर लामांना अग्नी देतात आणि काहींचे देह स्तूपात जतन करतात. शिवाय देह प्राण्यांना देणे हे बौद्ध विचारात दानही आहे, त्यामुळे सर्वसामान्यांच्या वाट्याला आलेला मार्ग हलका ठरत नाही. लाकूड महाग आहे एवढेच परिसराने सांगितले. ते कोणासाठी खर्चायचे हे समाजाने ठरवले आणि उरलेल्यांच्या मार्गाला अर्थ धर्माने दिला. तुमच्या खाडीत पठारावरून ओंडके वाहून आणून कोणाला जाळतात, ते आधी ठरवा.

ग्रहगणित

एक राहून गेले. हा चंद्र विषुववृत्ताच्या पातळीत फिरत असेल आणि ग्रहाचा आस आपल्याइतकाच कललेला असेल, तर वर्षातील दोन्ही विषुवदिनांच्या आसपास सुमारे सहा आठवडे, चंद्र आकाशात असेल त्या प्रत्येक रात्री ग्रहण लागेल. भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणारे) उपग्रह याच काळात रोज काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जातात, त्यातलाच हा प्रकार. ग्रहण फार तर सत्तर मिनिटांचे असेल आणि चंद्र पश्चिमेकडे सरकत जाईल तशी त्याची वेळ रोज सुमारे तासाभराने पुढे जाईल: चंद्र नुकताच उगवलेला असताना संध्याकाळी, मावळतीला टेकलेला असताना पहाटे. तेव्हा ग्रहण म्हणजे अपशकुन हे समीकरण इथे चालणार नाही. इतक्या नियमित गोष्टीला घाबरणारा माणूस तुम्हाला हवाच असेल, तर तो पठारावरचाही नको, कारण त्यालाही हेच आकाश दिसते. तो पुष्कळ दूर उत्तरेकडून, ध्रुवाजवळून आलेला असावा, जिथून हा जवळचा चंद्र क्षितिजाच्या वर येतच नाही.