आईचा थायरॉईड कॅन्सर फुफ्फुसात पसरलाय. गोळी आत्ताच सुरू करावी की थांबावं?

आई ६१ वर्षांची. चार वर्षांपूर्वी पॅपिलरी थायरॉईड कॅन्सर निघाला. पूर्ण ग्रंथी आणि मानेतल्या गाठी काढल्या, मग दोनदा रेडिओआयोडीन दिलं, म्हणजे थायरॉईडच्या पेशी ओढून घेतात आणि त्यानेच मरतात ते किरणोत्सारी आयोडीन. दुसऱ्या डोसनंतरच्या स्कॅनमध्ये कुठेच काही दिसलं नाही, तेव्हा वाटलं, सुटलो. पण रक्तातलं थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन, उतरेना. ग्रंथीच नाही म्हटल्यावर ते जवळजवळ शून्य हवं. आईचं ४६ होतं, वर्षभराने ७१. पेट स्कॅन केला तर दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी, सगळ्यात मोठी ९ मिलिमीटरची, आणि पाठीच्या एका मणक्यात डाग. म्हणजे कॅन्सर होताच, फक्त तो आता आयोडीन ओढून घेत नव्हता. स्वच्छ स्कॅनचा असाही अर्थ असू शकतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांनी पुन्हा सीटी केला. मोठी गाठ १० मिलिमीटर, बाकीच्या तेवढ्याच. आईला खोकला नाही, दम लागत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या पेशींना वाढायला चेतवणारं संप्रेरक, मुद्दाम ०.१च्या खाली ठेवलाय. पहाटे पाचला उठून उपाशीपोटी थायरॉक्सिन घेते आणि फिरायला निघते.

एक डॉक्टर म्हणतात लेनव्हॅटिनिब ही कॅन्सरची वाढ रोखणारी गोळी लगेच सुरू करा. दुसरे म्हणतात, दर तीन-चार महिन्यांनी सीटी करू, गाठी भराभर वाढायला लागल्या की बघू. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांचा आजार साधारण १८.३ महिने आटोक्यात राहिला, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा ३.६ महिने. हे वाचून वाटतं, थांबायचं कशाला? आणि मग दुष्परिणाम वाचते: रक्तदाब, जुलाब, वजन उतरणं, तळपाय सोलवटणं. हिंडत्याफिरत्या आईला मी स्वतःच्या हाताने अंथरुणावर पाडू का? रात्र रात्र हाच विचार. यातून गेलेल्यांनी कृपया लिहा. मणक्याचं काय करायचं तेही सांगा.

प्रतिसाद:

ताई, माझ्या नवऱ्याचं हेच. त्या चाचणीत घेतलेल्या सगळ्यांचा आजार आधीच्या तेरा महिन्यांत वाढल्याचं स्कॅनवर दिसलेलं होतं. तुमच्या आईच्या गाठी जेमतेम हलल्यात, त्यामुळे तो आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नका. आम्ही वीस महिने थांबलो. दर स्कॅनच्या आधीचा आठवडा कठीण जायचा, पण ते वीस महिने तो रोज कामावर गेला.

गोळी २४ मिलिग्रॅमने सुरू झाली आणि दहाव्या दिवशी रक्तदाब १७०/१००. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिते. डॉक्टरांनी डोस आधी २०, मग १४ केला. डोस उतरवला म्हणजे औषध हरलं असं नव्हे, हे मला फार उशिरा पटलं.

गोळी ठरवण्याआधी जनुक चाचणीचं नक्की विचारा. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो, त्यावरच होते. आरईटी किंवा एनटीआरके जनुकात फ्यूजन (दुसऱ्या जनुकाचा तुकडा जोडला जाणं) निघालं तर सेलपरकॅटिनिब, लॅरोट्रेक्टिनिब अशी नेमकी औषधं आहेत, आणि ती बऱ्याच जणांना जास्त सोसतात. बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल निघाला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या जोडीचा विचार होतो.

मणक्याला मात्र थांबू नका. एमआरआय करून घ्या, तेवढ्याच जागी रेडिएशन देता येतं. हाडं टिकवण्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देणार असतील तर आधी दात दाखवून घ्या, त्याने जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते, आम्हाला ते नंतर कळलं. पायात मुंग्या, पाय लटके पडणं, लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

मूळ लेखिका:

वाचून रडले, मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आधी मणका बघू, गोळीचं नंतर." एमआरआयची तारीख घेतलीय. ब्लॉकसाठी उद्या अर्ज देते. तेरा महिन्यांची ती गोष्ट दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवणार आहे, ते काय म्हणतात इथेच लिहीन.