बाळाला काय पाजलं, आणि तुम्हाला कुणी जेवायला घातलं?

ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. अंगणवाडीत तक्ते लागतात: पहिल्या तासात दूध, सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षांपर्यंत. सगळं बरोबर आहे. पण जिचं दूध, ती काय खाते हे आपल्याकडं कोण विचारतं? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आयांनी, आज्यांनी आपापलं लिहावं. माझ्यापासून सुरुवात करते.

पहिलटकरीण म्हणून माहेरी, खानापूर तालुक्यात गेले होते. आषाढातला पाऊस, खोलीत शेगडीचा धूर. जेवण म्हणजे लसूण-मिरी घातलेला मऊ भात, तोही दोन वेळाच. ताक नाही, फळ नाही. पाणी वाटीनं मोजून, कारण जास्त प्यायलं तर पोट सुटतं म्हणे. चौथ्या दिवशी पोर रडून रडून निळी व्हायची आणि बघायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "दूधच नाही गं हिला." दहा जणींच्या तोंडून ऐकलं की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. वरच्या दुधाचा डबा आणायचं घरात ठरलंही होतं.

त्या दुपारी आशा कार्यकर्ती आली. ती कन्नड बोलणारी, मला जेमतेम चार वाक्यं कळायची. पोरीकडं बघायच्या आधी तिनं मला विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवलीस का? मला रडूच फुटलं. तिनं तांब्या माझ्या हातात दिला, "नीर कुडीरी अक्का," पाणी पी, आणि मी सगळा संपवेपर्यंत समोर बसून राहिली. मग मला भिंतीला टेकून बसवलं, पाठीशी वाकळ दिली, पोरीचं पोट माझ्या पोटाला लावलं. पोर नुसतं बोंड ओढत होती, म्हणून मला चिरा पडल्या होत्या. तिनं पोरीनं मोठा आ करेपर्यंत थांबायला लावलं आणि बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरलं. गट-गट गिळल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात ना, मग दूध पुरतंय, हा हिशोबही तिनंच शिकवला. डबा आणायची वेळ आली नाही.

निपाणीहून

आमच्याकडं घरोघर विड्या. सूप मांडीवर, त्यामुळं पोर मांडीवर मावत नाही. ते शेजारी वाकळेवर. हजार विड्या व्हायच्या तर उठायला सवड कुठली? तंबाखूची भुकटी बोटांना, पदराला, सगळीकडं. मी लुगडं बदलून, हात साबणानं कोपरापर्यंत धुऊन मगच पोराला घ्यायचे, आणि दरवेळी त्यात पाव तास जायचा. पाव तास म्हणजे किती विड्या, ते विडीवालीलाच कळेल. बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे, 2017 पासून 26 आठवडे झाली म्हणतात. ती ऑफिसातल्या बायकांना मिळताना दिसते. घरात बसून वळणारीला मी तरी ती मिळालेली बघितली नाही. अकराव्या दिवशी मी सुपावर होते.

चिकोडी तालुका, आजी म्हणून लिहिते

माझ्या थोरल्याला आम्ही तीन दिवस गूळपाणी पाजलं आणि चीक पिळून टाकला. पिवळा दिसतो, बाधतो म्हणायचे. ते पहिलं दूधच रोगाशी लढतं, हे नातवाच्या वेळी कळलं. नातवाला मी स्वतः पहिल्या तासात सुनेच्या कुशीत दिला. मध चाटवायला आलेल्या नणंदेलाही थांबवलं, वर्षाच्या आत मध नको असतो. तिला राग आला, येऊ दे.

बेळगाव शहर

माझं बाळ आठव्या महिन्यात झालं, वजन 1 किलो 400 ग्रॅम. चोखायची ताकद नव्हती. मी दर तीन तासांनी हातानं दूध काढायची. पहिल्या दिवशी चमचाभर निघालं. ज्या दवाखान्यात होतो तिथं मला न विचारताच पावडरीच्या डब्याचं नाव चिठ्ठीवर लिहिलं होतं. एका वयस्कर सिस्टरनं ती चिठ्ठी बाजूला ठेवली. माझंच दूध आधी नळीनं, मग बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं दिलं. आजीचं चांदीचं बोंडलं कपाटात पडून होतं, ते उकळून घेतलं. ओठाच्या कडेला टेकवलं की पोरगं जिभेनं चाटत चाटत प्यायचं. दिवसभर छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायचं. तेविसाव्या दिवशी त्यानं स्वतः तोंड लावलं.

एक विचारायचंय: तुमचे नवरे रात्री उठायचे का? माझा उठायचा, वाटी-बोंडलं उकळून ठेवायचा. हे मुद्दाम लिहिते.

वडगाव

घरात माग. खटखटीत पोर झोपतं, माग बंद पडला की जागं होतं. बाकी सगळं वरच्या ताईंसारखंच.

खानापूर तालुका, अंगणवाडीजवळ राहते

सहा महिन्यांनंतरचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवून मंद भाजते, दळून वस्त्रगाळ करते. मोडाच्या पिठाची खीर चिकट होत नाही, म्हणून पीठ जास्त घालता येतं आणि एवढ्याशा पोटात जास्त ताकद जाते. नुसतं वरणाचं पाणी पाजू नका. डाळ कुस्करून, भात मऊ करून, वर तूप. चमच्यावरून घसरेल एवढं पातळ नको.

आणि मूळ प्रश्नाबद्दल. कर्नाटक सरकारच्या मातृपूर्णा योजनेत 2017 पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण आहे: भात, सांबार, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. पण ओल्या बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, मग ते खाणार कोण? माझ्या जावेच्या वेळी मी अंगणवाडीच्या टीचरच्या मागे लागले. नियम तिथंच बसून खायचा, म्हणून ती आधी नाही म्हणाली. शेवटी रोज साडेबाराला मी डबा घेऊन जायचे. जाऊ दाराशी उभी असायची, पोर खांद्यावर. मी पोर घ्यायचे आणि ती खाली बसून अंडं आधी खायची.