ब्रेक दाबला की ट्रॉलीचे टेल लाइट विझतात, इंडिकेटर मिणमिणतात, काय करू?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. ट्रॉलीच्या वायरिंगने डोकं खाल्लंय. हेडलाइट बंद ठेवून ब्रेक दाबला तर मागचा ब्रेकलाइट एकदम मंद लागतो आणि सोबत दोन्ही इंडिकेटर पण मिणमिणतात, हेडलाइट चालू करून ब्रेक दाबला तर टेल लाइट जवळजवळ विझूनच जातात. ट्रॅक्टरचे स्वतःचे लाइट मात्र फर्स्ट क्लास. बल्ब नवे टाकले, सात पिनचं सॉकेटही नवं बसवलं, फरक शून्य. ट्रॉली पावसाळ्यानंतर रंगवून आणली तेव्हापासून हे चालू आहे. केळीची कापणी सुरू आहे, माल भरून रात्री सावद्याला जावं लागतं, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर मागून ट्रक कसे सुसाट येतात ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भीती वाटते.

चोपडा_शेतकरी
ब्रेक पेडलजवळचा स्विच गेला असेल भाऊ, दीड-दोनशेत येतो, बदलून टाका.

धुळे_ऑटोवायरिंग
स्विचला हात लावू नका. स्विच खराब असता तर ट्रॅक्टरचा ब्रेकलाइट पण लागला नसता. अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी) देखा पह्यले!

होतंय काय, ट्रॉलीच्या लाइटची अर्थ तुटलेली आहे. ब्रेकचा करंट 21 वॅटच्या फिलामेंटमधून होल्डरच्या बॉडीवर येतो, तिथून त्याला बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायचं असतं. तो रस्ता बंद, मग तो टेलच्या आणि इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि ट्रॅक्टरच्या बल्बमधून अर्थ शोधतो, म्हणून नको ते लाइट मिणमिणतात. हेडलाइट चालू असताना टेलच्या वायरवर पण 12 व्होल्ट असतात, फिलामेंटच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज जवळपास सारखंच झालं की बल्ब लागणार कसा?

आणि तुम्ही रंगाचं सांगितलं तिथेच उत्तर आहे. बहुतेक ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायर ओढलेलीच नसते, हुकाच्या पिनवर सगळा भरोसा. त्या पिनला आधीच ग्रीस, वर आता रंग. कधी उभ्या ट्रॅक्टरला लाइट बरोबर लागतात आणि खड्ड्यात गेलं की जातात, तेही याच्यामुळेच.

खात्री करायची तर मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर लावा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन ट्रॉलीच्या लाइट होल्डरच्या बॉडीला, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगली. दोन-चार व्होल्ट आले तर सापडला चोर. मीटर नसेल तर निगेटिव्हपासून थेट होल्डरच्या बॉडीपर्यंत एक लांब वायर धरून बघा, लाइट लख्ख लागले की झालं.

केळीवाला_रावेर
दादा, आत्ताच मोजलं, ब्रेक दाबल्यावर 7 च्या वर जातंय! वायर धरली तर दोन्ही ब्रेकलाइट लख्ख. आता पक्कं कसं करायचं? सॉकेटमध्ये पांढरी वायर आहे पण ती ट्रॉलीकडे कुठेच जोडलेली दिसत नाही.

धुळे_ऑटोवायरिंग
तीच अर्थ, 3 नंबरची पिन. 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा, 5 आणि 7 टेल, 6 ब्रेक. पण आपल्याकडे वायरमन हाताला येईल त्या रंगाची वायर ओढतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, टेस्ट लॅम्प लावून पिन तपासा. 3 नंबरपासून 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट मागे न्या, दोन्ही लाइटच्या होल्डरला जोडा आणि चेसिसला पण एक बोल्ट मारा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, रिंग लग (वायरच्या टोकाची गोल कडी) लावा, घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस. ट्रॅक्टरकडे सॉकेटची पांढरी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत बरोबर जाते का तेही बघा. सॉकेटला झाकण पाहिजेच, केळीचा चीक आणि खताची धूळ पिनांवर बसली की पुन्हा तेच रडगाणं.

शहादा_ऊसवाला
अर्थ नीट केल्याशिवाय एलईडी लावू नका, ते थोड्याशा उलट्या करंटवर पण मिणमिणतात. एलईडी इंडिकेटर लावले तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) पण त्याला चालणारा घ्या, नाहीतर इंडिकेटर भराभर लुकलुकतात. आणि आज रात्री निघणार असाल तर फाळक्याला (ट्रॉलीच्या मागच्या झडपेला) लाल रिफ्लेक्टर टेप आधी चिकटवा, वायरिंगचं काम होईपर्यंत मागच्याला ट्रॉली दिसली तरी पाहिजे.

केळीवाला_रावेर
टेप आणायला पोराला पाठवलं. आज ट्रॉली काढत नाही, उद्या उजेडात वायर ओढतो आणि पुन्हा मीटर लावून आकडा इथे टाकतो.