'एन्टशुल्डिगुंग' पुरेसं नाही

जर्मनीत बसमध्ये, ट्रेनमध्ये एक 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे 'माफ करा', आलं की भागतं असं म्हणतात. सुरुवातीला भागतं, हे खरं. पण आणखी तीन-चार वाक्यं जरूर पाठ करा.

रिकाम्या सीटवर बसण्याआधी शेजारच्याला विचारायचं, 'इस्ट हिअर नोख फ्राय?' ही जागा रिकामी आहे का? न विचारता बसलात तर कुणी भांडणार नाही, पण विचारलंत की समोरचा लगेच बॅग उचलून घेतो.

गर्दीत दाराकडे सरकताना 'डार्फ इश माल डुर्श?', म्हणजे जरा जाऊ द्याल का? आणि माझं सगळ्यात आवडतं, 'श्टायगन झी हिअर आउस?' तुम्ही इथे उतरताय का? म्युनिकच्या उ-बानमध्ये, म्हणजे मेट्रोत, एका आजींनी मला मागून हळूच हे विचारलं आणि मला थेट मुंबईची लोकल आठवली. आपलं 'दादर का?' तेच की! मी 'नाइन' (नाही) म्हणून बाजूला झाले, त्या 'डांके' (धन्यवाद) म्हणत उतरल्या.

वयस्कर माणसाला जागा देताना 'म्योख्टन झी झिश झेट्सन?' म्हणा, म्हणजे तुम्हाला बसायचंय का? अनोळखी मोठ्यांशी कायम 'झी' (तुम्ही), 'डू' (तू) नाही. आपल्या अहो-जाहोसारखंच आहे ते.

एक ऐकून ओळखायचं वाक्य: 'डी फारशाइनं बिटं', तिकिटं दाखवा. कागदी तिकीट बऱ्याच शहरांत मशीनमध्ये घालून शिक्का मारावा लागतो. तो नसेल तर तिकीट असूनही ६० युरो भरावे लागू शकतात.