नवी रेनॉ ५ दिसायला कशी वाटली? : अनुभव धागा

जिनिव्हाचा मोटर शो २०२४ साली बराच आटोपशीर होता. युरोपातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली होती. त्यामुळे २६ फेब्रुवारीला रेनॉ या फ्रेंच कंपनीने नव्या ‘५’वरचा पडदा काढला आणि पुढचे दिवस पालेक्स्पो या प्रदर्शन केंद्रातली गर्दी तिच्याचभोवती राहिली. मी जिनिव्हातच राहते आणि औद्योगिक डिझाइन हा माझा पेशा, त्यामुळे जाणं झालंच.

गाडीची ओळख थोडक्यात करून देते. पूर्ण विजेवर चालणारी, पाच दारांची, लांबी ३.९२ मीटर, म्हणजे आपल्याकडे छोट्या गाडीची जी चार मीटरची मर्यादा धरतात तिच्या आतली. बॅटरी ४० किंवा ५२ किलोवॉट-तासांची, कारखाना उत्तर फ्रान्समध्ये दुएला, तेव्हा जाहीर झालेली सुरुवातीची किंमत २५,००० युरोंच्या आसपास. पण रेंज आणि चार्जिंगची चर्चा इथे नको. फक्त रूपाबद्दल लिहा.

हे विचारण्यामागे एक कारण आहे. फ्रेंच माणूस या गाडीकडे बघतो तेव्हा त्याला १९७२ची रेनॉ ५ दिसते. तिथे कुणाच्या आईकडे ती होती, कुणी तिच्यावरच गाडी शिकलं. आपल्याकडे ती कधी विकायलाच आली नाही. त्यामुळे आठवणींचा टेकू काढून घेतला तरी हे रूप उभं राहतं का, हे मराठी डोळे जास्त खरं सांगतील असं मला वाटतं.

माझं उत्तर हो. बाजूने बघा. चाकं चारही कोपऱ्यांत ढकललेली, सगळ्या मॉडेलांना १८ इंचीच. मागच्या चाकावरचा पत्रा चांगला बाहेर आलेला आहे. १९८०च्या रेनॉ ५ टर्बोची मांडी अशीच रुंद होती, पण ते ठाऊक नसलं तरी गाडी जमिनीला घट्ट धरून बसलीय एवढं लांबूनही कळतं. मागच्या दारांच्या कड्या काचेलगतच्या काळ्या भागात लपवल्यात, त्यामुळे पाच दारांची गाडी तीन दारांची वाटते. मला खटकलं ते समोरून. अगदी नाकासमोर उभं राहिलं की बॉनेट उंच आणि जड वाटतं. दोन पावलं बाजूला सरकलं की तो जडपणा जातो.

आता तुम्ही लिहा, वर आपलं गाव टाकून. प्रत्यक्ष पाहिली असेल तर उत्तमच, नाहीतर फोटोंवरून. आवडली नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

ल्यों, फ्रान्स

ताई, माझ्या घरमालकीणबाईंचा अनुभव सांगतो, कारण त्यांच्याकडे जुनी ‘५’ होती. वय सत्तरीच्या पुढे. उद्घाटनाचे फोटो मी त्यांना टॅबवर दाखवले. आधी काही बोलल्याच नाहीत, दोन बोटांनी फोटो मोठा करून बॉनेटची एक बाजू बघत राहिल्या. जुन्या गाडीच्या बॉनेटवर, मध्यापासून जरा बाजूला, हवेची जाळी होती. नव्या गाडीत नेमक्या त्याच जागी चार्जिंग दाखवणारा दिवा बसवलाय. त्यांना तो बघताक्षणी कळला, मला कंपनीचं माहितीपत्रक वाचून कळला.

त्यांची तक्रार आकाराबद्दल आहे. जुनी साडेतीन मीटरची होती, ही तिच्यापेक्षा चाळीस सेंटिमीटरने लांब आणि बरीच रुंदही. “चेहरा तोच आहे, पण अंगाने भरली,” असं त्या म्हणाल्या. जुन्या गाडीची त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. तिचे बंपर प्लास्टिकचे होते, पुढून-मागून गाडीला बिलगलेले. त्या काळी सगळ्यांचे चकचकीत लोखंडी. शहरात पार्किंग करताना इकडेतिकडे टेकलं तरी बायका घाबरायच्या नाहीत, म्हणाल्या. तिचं रूप काढणारे मिशेल बुए १९७२मध्येच, ऐन तरुण वयात गेले. गाडीचं पुढे केवढं नाव झालं ते त्यांना पाहायला मिळालं नाही. पंचावन्न लाखांच्या आसपास गाड्या बनल्या.

मला स्वतःला नवी आवडली. पण तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर बाईंची गोष्ट ऐकल्यावर जास्त आवडली. त्याआधी ‘बरी आहे’ एवढंच वाटलं होतं.

चाकण, पुणे

मी बॉडी इंजिनिअरिंगमध्ये आहे, पत्र्याचे भाग आणि डाय (पत्रा दाबून आकार देणारे साचे) हे रोजचं काम. त्या नजरेने लिहितो.

विजेच्या छोट्या गाडीचं दुखणं उंचीचं असतं. बॅटरी फरशीखाली, तिच्यावर माणसं, म्हणजे गाडी वर सरकते. ‘५’ची उंची १.५० मीटर आहे, लांबी चार मीटरलाही पोचत नाही. हे प्रमाण हातात घेऊन गाडी देखणी करायची म्हणजे कठीण काम. त्यांनी ते तीन ठिकाणी सोडवलंय. चाकं मोठी घेतली, खांदा, म्हणजे खिडक्यांखालचा भाग, रुंद केला आणि खालची पट्टी काळी ठेवली. काळ्या पट्टीमुळे दारांची खरी उंची डोळ्याला दिसत नाही. हे तिन्ही एकत्र नसतं तर डबा झाला असता.

दुसरं, जानेवारी २०२१मध्ये दाखवलेल्या याच गाडीच्या नमुन्याचे फोटो शेजारी ठेवून बघा. नमुना आणि विकायची गाडी यांत दरवेळी जी कात्री लागते ती इथे फारच कमी लागलीय. बाहेर आलेला मागचा पत्रा असा ओढायचा तर डाय करणाऱ्याचा जीव जातो. कडेला सुरकुती येते, पत्रा पातळ होतो, आणि मग हिशेब बघणारे सांगतात, फुगवटा कमी करा. तो कमी होऊ दिला नाही, याचं श्रेय तिथल्या माणसांना द्यायलाच हवं.

डोंबिवली

मी निवृत्त. नव्वदच्या दशकात आमच्याकडे प्यूजो ३०९ होती, इथेच कल्याणच्या कारखान्यात बनलेली. तेव्हा प्रीमियर आणि प्यूजो एकत्र होते. फ्रेंच गाडी म्हणजे माझ्यासाठी तीच. बसायला गादीसारखी, पण दिसायला साधी, कडा सरळ, डोळ्यात न भरणारी. पुढे २००७मध्ये महिंद्राबरोबर रेनॉची लोगान आली, ती नाशिकला बनायची. तीसुद्धा कामाची गाडी. देखणी म्हणावी अशी नाही.

म्हणून ही पिवळी ‘५’ पाहून मी थक्क झालो. हाच का तो देश? मुलीने सांगितलं की पिवळा आणि हिरवा हे दोन्ही रंग सत्तरच्या दशकातल्या गाड्यांवरून घेतलेत. मला गाडीच्या रेघांपेक्षा रंगच जास्त भावला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वरून बघितलं तर पांढरा, राखाडी, पांढरा, काळा. विकताना भाव येतो म्हणून सगळे पांढरी घेतात. गाडी आठ-दहा वर्षं आपण बघायची आणि रंग निवडायचा पुढच्या गिऱ्हाइकासाठी, हे मला कधीच पटलं नाही. ती हिरवी जवळून कशी दिसते, कुणी पाहिली असेल तर लिहा.

नागपूर

मी विद्यार्थी आहे आणि माझं मत वेगळं आहे. मिनी २००१मध्ये परत आणली, फियाट ५०० सन २००७मध्ये, आता ही. प्रत्येक वेळी आजीचा फोटो काढून नातीला तसंच नटवायचं. १९७२ची ‘५’ कुणाची नक्कल नव्हती, म्हणूनच ती गाजली ना? याच कंपनीने १९९२मध्ये ट्विंगो दाखवली, तिच्या आधी तसं काही नव्हतं. तो धीर आता कुठे गेला? गाडी सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. पण आज ज्यांचं वय वीस आहे त्यांच्या काळाची गाडी कोण काढणार?

चाकण, पुणे

नागपूरकर मित्रा, प्रश्न रास्त आहे. एक गोष्ट मात्र जोडतो. १९८४मध्ये ‘५’ची दुसरी पिढी, सुपरसँक, आली तेव्हा बाहेरचं रूप मार्चेल्लो गांदिनींनी केलं. गांदिनी म्हणजे लॅम्बोर्गिनी मिऊरा आणि काउंटाश काढणारा माणूस. जगात कुणी पाहिलं नसेल असं काढायची ताकद ज्याच्या हातात होती त्यानेही जुन्या ‘५’चा चेहरा राखला, आतली यंत्रणा मात्र सगळी नवी. इंजिन आडवं झालं, गाडी रुंद झाली. म्हणजे चेहरा राखणं हा या गाडीचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे, फक्त मध्ये मोठा खंड पडला. गांदिनी १३ मार्च २०२४ला वारले. नव्या गाडीबद्दल ते काय म्हणाले असते, हे ऐकायला मला फार आवडलं असतं.

नागपूर

हे माहीत नव्हतं. सुपरसँकचे फोटो पाहिले. पटलं, पण निम्मंच. दहा-बारा वर्षांनी चेहरा राखणं म्हणजे वारसा चालवणं. मध्ये जवळजवळ तीस वर्षं नावसुद्धा नव्हतं, मग तोच चेहरा परत आणणं मला वेगळं वाटतं.

दादर

मी अक्षरं काढते, पाट्या आणि पुस्तकांची मुखपृष्ठं. गाड्यांमधलं मला काही कळत नाही, पण बॉनेटवरच्या त्या दिव्याबद्दल लिहायलाच हवं.

तो दिवा ‘5’ या आकड्याच्या आकाराचा आहे. आकडा तुकड्यांत विभागलाय आणि बॅटरी भरत जाईल तसे तुकडे उजळतात. इंग्रजी ‘5’ काढायला अवघड असतो. वरचा भाग काटकोनी, खालचा गोल, दोन्ही जुळले नाहीत तर आकडा पुढे कलंडतो. इथे त्यांनी खालची गोलाईसुद्धा कोनांत बसवलीय, त्यामुळे तुकडे सुटे झाले तरी आकडा मोडत नाही. शिवाय आडव्या तुकड्यांमुळे तो जुन्या जाळीसारखाही दिसतो. काम, नाव आणि जुनी खूण, तिन्ही एकाच चौकटीत. असं साधतं तेव्हा काढणाऱ्याला किती दिवस झोप लागली नसेल, ते मला कळतं.

पुढचे दिवेही बघा. आत डोळ्यातली बाहुली असल्यासारखे आहेत, आणि मालक जवळ आला की उघडझाप करतात म्हणे. ते मला जरा जास्त वाटलं. नजर आकारातच आहे, वेगळी मिचकवायची गरज नव्हती.

झ्युरिक, स्वित्झर्लंड

आम्ही मुलांना घेऊन शोला गेलो होतो, म्हणून घरच्या बाजूने लिहिते.

लपवलेली कडी दिसायला छान, पण ती काचेच्या उंचीवर आहे. माझ्या धाकट्याने टाचा उंचावल्या तरी हात पोचला नाही. मागे बसल्यावर पुढच्या सीटखाली पाय सरकवायला जागा कमी पडते, आणि छताचा मागचा खांब जाड असल्यामुळे त्या कोपऱ्यात अंधारल्यासारखं होतं. बाहेरून जो खांब छान दिसतो त्याची किंमत मागे बसणारा मोजतो. शोमध्ये कुणी मागे बसत नव्हतं, सगळे स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढत होते.

पुढे मात्र मन रमलं. डॅशबोर्डचा वरचा भाग शिवलेल्या गादीसारखा आहे, सीटवर टर्बोच्या सीटसारखी ‘H’ची घडण. दोन सीटांच्या मध्ये लांबट पाव उभा ठेवायची वेताची टोपलीही मिळते. थोरलीने लगेच ठरवलं की आपण त्यात छत्री ठेवू.

डोंबिवलीचे काका, तुमची हिरवी. होती तिथे, आणि मी मुद्दाम तिच्यापाशी थांबले. फोटोत ती कैरीच्या सालीसारखी गडद येते. प्रत्यक्षात त्याहून खुली आहे, वरच्या दिव्यांखाली छताच्या कडेला पिवळसर झाक येते आणि चाकांवरच्या फुगवट्याच्या खालच्या बाजूला रंग गहिरा होतो. पिवळी लांबून लक्ष वेधते, पण जवळ गेल्यावर गाडीची घडण हिरवीतच जास्त उठून दिसते. घ्यायची झाली तर मी हिरवीच घेईन.