मॉक टेस्टमध्ये ११०च्या आसपासच अडकलेय, मदत हवी आहे

खिडकीतली_चिमणी:
परीक्षेला पाच आठवडे उरलेत, सात मॉक दिले आणि सातही वेळा १०५ ते ११५. सिलॅबस दोनदा झालाय. मॅथ्सचे दहा-बारा प्रश्न तर उघडून बघायलाही वेळ उरत नाही आणि नंतर घरी बसले की त्यातले बरेच सुटतात, मग रडूच येतं. नवीन पुस्तक घेऊ की अजून मॉक देऊ? लवकर सांगा प्लीज.

रानवारा:
११० कितीपैकी? परीक्षा कुठली?

दोन_मुलींचा_बाबा:
बेटा, जे येत नाही ते सरळ सोडून दे. चुकलं की एक मार्क कापतात, माझ्या थोरलीने मेडिकलच्या नीट परीक्षेला तुक्के मारले आणि पस्तावली. आणि ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोल भरायचा रोज सराव कर, शेवटच्या दहा मिनिटांत हात थरथरतो.

रफवही:
बाबा, हे नाही पटत. बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असेल तर चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तरी सरासरी पाव मार्क हाती लागतो, एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर ०.६७. सोडण्यातच तोटा आहे.

दोन_मुलींचा_बाबा:
कागदावर ठीक आहे हो. घाबरलेल्या पोरीला जे नक्की चूक वाटतं नेमकं तेच बरोबर निघतं.

खिडकीतली_चिमणी:
सॉरी, सांगायचं राहिलं. इंजिनिअरिंगची एमएचटी-सीईटी, पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, २००पैकी.

रफवही:
अगं, हेच तर आधी हवं होतं! सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाहीच, ओएमआरही नाही, पेपर कॉम्प्युटरवर असतो. मॅथ्सचा प्रश्न २ मार्कांचा, म्हणजे तू दर वेळी २०-२४ मार्कांचे प्रश्न कोरे ठेवतेस. एकही कोरा ठेवू नकोस.

रानवारा:
तुक्क्यांनी चार-सहा मार्क वाढतील, खरं दुखणं वेगळंय. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटं आणि वर थोडंसं. एखादा प्रश्न घे आणि रफमध्ये काय काय लिहिलंस ते सांग.

खिडकीतली_चिमणी:
शून्य ते पाय बाय टू, साइन भागिले साइन अधिक कॉस, त्याचं इंटिग्रेशन. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालायची प्रॉपर्टी लिहिली, मग दोन्ही आय, म्हणजे दोन्ही इंटिग्रल मिळवले, मग दोनने भागलं. सहा ओळी, तीन मिनिटं गेली असतील.

रानवारा:
बघ, हे बोर्डाच्या पेपरचं लिहिणं आहे, तिथे स्टेपचे मार्क असतात, इथे स्टेप कुणी बघत नाही. साइनच्या जागी कॉस घातला की छेद तोच राहतो, दोन्ही अपूर्णांकांची बेरीज १, म्हणजे उत्तर शून्य ते पाय बाय टू या लांबीच्या निम्मं, पाय बाय फोर. न लिहिता. नवीन पुस्तक नको, हेच सात मॉक परत काढ आणि जिथे दोन मिनिटांच्या वर गेलीस तेवढेच प्रश्न छोट्या वाटेने सोडव.

शाईपेन:
पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे, ते बघा आधी, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, नुसत्या ११०वरून काय कळणार.

रफवही:
तिने ते विचारलंच नाहीये. चिमणी, अकरावी केलीस का? पेपरात तिचे प्रश्न २० टक्के असतात, मॅथ्समध्येच १०.

खिडकीतली_चिमणी:
अकरावीचे दोनच चॅप्टर केलेत, मी सिलॅबस म्हटलं ते बारावीचं. आत्ता शेवटच्या मॉकमधले सोडवायचे राहिलेले ११ घड्याळ लावून केले, न लिहिता ६ आले, पण व्हेक्टरमध्ये अजून लिहावंच लागतंय. त्याला काय करू?