चांदणीखालची ओळ : केसांची उत्पादनं निवडतानाचे अनुभव

शांपूच्या बाटलीवर ‘केस १० पट मजबूत’ असं ठळक छापलेलं असतं आणि त्या वाक्याच्या शेवटी एक बारीकशी चांदणी असते. तिचा माग काढत बाटली फिरवली की मागे, बारकोडच्या आसपास, खुलासा सापडतो: ‘कंडिशनर नसलेल्या शांपूच्या तुलनेत’. करारांची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. तिथे खरा मामला तळटिपेतच असतो, त्यामुळे ही सवय आपोआप बाटल्यांनाही लागली. कशाच्या १० पट हे कळलं की दावा खोटा ठरत नाही, फक्त त्याचा फुगा बराच लहान होतो.

असेच अनुभव इथे हवे आहेत. अमुक ब्रँड भारी, तमुक भंगार अशी यादी नको, कारण केस आणि टाळू प्रत्येकाची वेगळी. एखाद्या दाव्यामागचं काय तुमच्या लक्षात आलं आणि त्यानंतर तुम्ही खरेदी कशी करू लागलात, ते लिहा. कंपन्यांची नावं टाळा.

•••

मी प्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम केलंय, तर आतली बाजू सांगतो. घटकांची यादी उतरत्या क्रमाने लावतात. ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त ते आधी, म्हणून शांपूत जवळजवळ नेहमीच पहिलं नाव पाण्याचं. पण प्रमाण १ टक्क्याच्या खाली गेलं की हे बंधन संपतं. तिथून पुढची नावं उत्पादक हव्या त्या क्रमाने छापू शकतो. ही १ टक्क्याची रेघ अर्थातच कुणी आखून देत नाही. माझी युक्ती अशी: यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोधायचं. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि युरोपच्या नियमांप्रमाणे ते जास्तीत जास्त १ टक्का चालतं. त्याच्या मागे जे जे उभं आहे ते चिमूटभर, असा अंदाज बहुतेकदा बरोबर येतो. समोर ज्याचं मोठं चित्र आहे ते फूल किंवा ते दुर्मीळ तेल हमखास याच शेपटात सापडतं. आम्ही त्याला ‘लेबलसाठीचा घटक’ म्हणायचो.

मात्र शेपटातलं सगळंच शोभेचं असतं असं नाही. काही कंडिशनिंग पॉलिमर अर्ध्या टक्क्यातही चोख काम करतात. खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो आणि या पॉलिमरवर धन भार, म्हणून ते नेमके तिथेच जाऊन बसतात.

आणि ‘केसांना पोषण’ हे वाक्य ऐकलं की अजूनही हसू येतं. टाळूच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो, तो काय खाणार? केसांना फाटे फुटले तर शांपू ते तात्पुरते चिकटवू शकतो, पुढच्या धुण्यापर्यंत. नंतर कात्रीच.

•••

मी जाहिरातींचा मजकूर लिहायचे. वरच्यांनी बाटलीच्या आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगते.

‘केस गळणं थांबवतो’ असं लिहिलेलं वाक्य कायदा विभागाकडून लाल रेघा घेऊन परत यायचं, कारण तो औषधाचा दावा झाला. मग त्याचं व्हायचं ‘केस गळणं कमी करतो’ आणि पुढे चांदणी. खाली: ‘तुटल्यामुळे होणारं’. सगळी मेख या दोन शब्दांत आहे. केस दोन वाटांनी जातात. एक तर मुळापासून सुटून पडतात, नाहीतर मधेच तुटतात. शांपू-कंडिशनरने केस गुळगुळीत होतात, कंगवा अडकत नाही, म्हणून तुटायचे कमी होतात. हे मोजतातही रीतसर. केसांच्या बटेतून यंत्राने कंगवा पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि खाली पडलेले तुकडे मोजायचे. आकडा खरा असतो. फक्त तो आकडा वाचून बाटली उचलणाऱ्या बाईचे केस बहुधा मुळापासून जात असतात, आणि तिच्यासाठी त्या चाचणीत काहीच नसतं.

आपलं कुठलं ते ओळखायला सोपं आहे. पडलेला केस उजेडात धरायचा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून सुटलाय. गाठ नाही आणि केस तोकडा आहे, तर तुटलाय.

आणखी काही लाडके शब्द. ‘पर्यंत’: ८० टक्क्यांपर्यंत म्हणजे पाच टक्केही त्यात बसतात. ‘दिसतात’: केस दाट होत नाहीत, दाट दिसतात. ‘त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तपासलेलं’: तपासणी झाली एवढंच कळतं, निकाल काय लागला ते वाक्यात नाही. आणि ‘१० पैकी ९ जणींना केस मऊ वाटले’: बाटली फुकट दिली, काही आठवड्यांनी प्रश्नावली भरून घेतली. शेजारी दुसरी, साधी बाटली वापरणाऱ्या बायका होत्या का, हे विचारायचं नसतं.

मला ते काम आवडायचं, खोटं कशाला सांगू. खोटं न बोलता वाक्य किती ताणता येतं, याची एक वेगळीच मजा असते.

•••

वरचं वाचून घरातल्या सगळ्या बाटल्या उलट्या केल्या. ‘अल्कोहोलमुक्त’ म्हणवणाऱ्या कंडिशनरमध्ये तिसरंच नाव सीटिअरिल अल्कोहोल! शोधल्यावर कळलं की हे मेणासारखं असतं, केस कोरडे करत नाही, उलट मऊ करतं. म्हणजे लेबलही चूक नाही आणि माझं घाबरणंही फुकट. पण मग ‘मुक्त’ कशासाठी लिहिलं होतं? घाबरणाऱ्यांसाठीच ना.

•••

मला मोठं आजारपण आलं, जोराचा ताप होता. बरी झाले, कामावर रुजू झाले, आणि दोनेक महिन्यांनी केस मुठीमुठीने यायला लागले. डॉक्टरांनी लोह आणि थायरॉइड तपासलं आणि शांतपणे समजावलं. शरीराला मोठा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मूळ शाबूत असतं. साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप ओसरते. एरवीही रोज ५० ते १०० केस जातातच. त्यांनी काहीही लिहून दिलं नाही, याचा तेव्हा थोडा रागच आला होता.

त्याच काळात वहिनीचेही बाळंतपणानंतर असेच गळत होते. तिने एक सीरम सुरू केलं. माझी गळती थांबली, तिचीही थांबली. दोघींच्या कपाळाशी तसेच बारीक नवे केस उभे राहिले. फरक एवढाच की तिच्या सीरमला पाच तारे आणि फोटोसकट मोठा अभिप्राय मिळाला. तो अभिप्राय प्रामाणिक आहे, तिने शब्दही वाढवलेला नाही. मी वाट पाहिली, तर त्याचा अभिप्राय कुठे लिहिणार?

तेव्हापासून मी ‘आधी आणि नंतर’च्या फोटोंत तीन-चार महिन्यांचं अंतर दिसलं की विचारते, आधीचा फोटो गळतीच्या कुठल्या टप्प्यावर काढलाय? आणि अंतर दोन आठवड्यांचं असेल तर विचारतही नाही. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, दोन आठवड्यांत कॅमेऱ्याला दिसेल असं उजेड, कोन आणि पाठीवरून पुढे घेतलेली बट यापलीकडे काय बदलणार?

•••

सलूनमध्ये केस सरळ करायचं काम करते. ‘केराटिन’ म्हटलं की समोरच्या ताईंना वाटतं, मी त्यांच्या केसांत प्रथिन भरतेय. केस सरळ राहतात ते प्रथिनामुळे नाही, फॉर्माल्डिहाइड केसाच्या आतली रचना नव्या आकारात जखडून टाकतं म्हणून. एका बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ लिहिलं होतं, तरी इस्त्री फिरवली की आमचे डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. यादीत मिथिलीन ग्लायकॉल होतं. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळलं की त्याचं हेच होतं, आणि गरम केलं की परत वायू. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०११ मध्ये एका उत्पादकाला नेमक्या याच लपवाछपवीबद्दल इशारापत्र पाठवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. ताई वर्षातून एकदोनदा येतात, आम्ही दिवसभर त्या वाफेत उभ्या.

आता नवीन बाटल्यांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. ते वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. मी हल्ली बाटली दाखवूनच विचारते, हे वाचलंय ना? मालकांना ते आवडत नाही.

•••

केसांसाठी गोळ्या घेणाऱ्यांसाठी. मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) पुरतं आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. बायोटिनची कमतरता क्वचितच आढळते. ‘केस, त्वचा, नखं’ लिहिलेल्या डबीत मात्र ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमची गोळी असते. कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर पैशांचाच प्रश्न होता. पण अनेक तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातल्या जास्तीच्या बायोटिनने निकाल बिघडतात. थायरॉइड नॉर्मल असून बिघडल्यासारखं दिसू शकतं. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन तपासणी चुकीची कमी येऊ शकते. एफडीएने २०१७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ विचारलं की लोक ही गोळी सांगत नाहीत, त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. सांगत जा प्लीज.

•••

कुरळे केस. ‘सल्फेटमुक्त’ घेतला तरी केस सुतळीसारखे राठ. यादीत पाण्यानंतर लगेच होतं सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट. सल्फेट नाही, बरोबर आहे, पण तेल धुऊन काढण्यात तेही तितकंच तगडं. उलट सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला एक शांपू मला चांगला मानवला, कारण सोबत कोकामिडोप्रोपिल बिटेन होतं, जे धार कमी करतं.

पॅराबेनचीही तीच कथा. लोक घाबरले, कंपन्यांनी पॅराबेन काढले, पण बाटलीत बुरशी-जंतू होऊ नयेत म्हणून काहीतरी घालावं लागतंच. बऱ्याच ठिकाणी मिथिलआयसोथायाझोलिनोन आलं. त्याने इतक्या लोकांना पुरळ आलं की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जन’ (ॲलर्जी आणणारा पदार्थ) ठरवलं. काढलं काय ते समोर मोठ्या अक्षरात, आणलं काय ते मागे.

•••

पुरुषांकडून कुणी लिहिलं नाही म्हणून. कपाळ मागे सरकायला लागलं तसा फोनवर जाहिरातींचा पाऊस. एकीत केसांची ‘वैयक्तिक चाचणी’ होती. वय, झोप, ताण, सगळं भरलं. मग गंमत म्हणून उत्तरं उलटी करून पुन्हा भरली. सुचवलेला उत्पादनांचा संच तोच आला, फक्त गोळ्यांच्या डबीचा रंग बदलला.

संचातल्या एका बाटलीत ५ टक्के मिनॉक्सिडिल होतं. ते खरं औषध आहे, मुळात रक्तदाबासाठीचं. अंगावर केस वाढतात हा त्याचा दुष्परिणाम लक्षात आला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मंजुरी मिळाली. म्हणजे संचात कामाची एक बाटली आणि भोवती वऱ्हाड: शांपू, तेल, गोळ्या. आता मी डॉक्टरांना दाखवून तेवढंच घेतो. दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या ज्या जाहिरातीत नव्हत्या. सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते, घाबरून सोडायचं नाही. आणि औषध थांबवलं की काही महिन्यांत आलेले केस जातात. म्हणजे हे लग्न आहे, आधी ठरवूनच करावं.

•••

मला सगळं माहीत आहे आणि तरी मी महागडा शांपू घेते. वास आवडतो. केसांना काही होत नाही याची पूर्ण कल्पना आहे. चालेल ना इथे?

•••

चालेल की! अत्तर घेतो तसं घ्या. (धागा सुरू करणारी)

•••

केस रंगवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. ‘अमोनियामुक्त’ रंगात केसाचं आवरण उघडायला बहुतेकदा मोनोइथेनॉलामाइन असतं. ते उडत नाही म्हणून वास नाही. पेरॉक्साइड मात्र तेच. आणि ‘नैसर्गिक काळी मेंदी’ घेताना थांबा. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-केशरी येतो. काळं हवं तर इंडिगो तरी लागतं, नाहीतर पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाइन हा रासायनिक रंग. पीपीडीची ॲलर्जी अंगावर आलेली मी जवळून पाहिली आहे: आत्याच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते. पाकिटावर ‘हर्बल’ होतं आणि यादीत, शेवटून दुसरं, पॅरा-फिनिलीनडायअमाइन. कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबायची सूचना आतल्या पत्रकात होती.

•••

आमच्याकडे कोंड्याचा प्रश्न. मुलगा तक्रार करायचा की औषधी शांपूने काही होत नाही. तो लावतो आणि लगेच धुतो. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची यीस्ट असते आणि शांपूतल्या कीटोकोनॅझोल या औषधाला तिच्यावर काम करायला काही मिनिटं टाळूवर राहावं लागतं. बाटलीवर तीन ते पाच मिनिटं ठेवा असं लिहिलंय. जाहिरातीतला नायक मात्र फेस करतो, डोकं झटकतो आणि थेट ऑफिसात. त्या तीन मिनिटांत नायकाने काय करायचं हे जाहिरातवाल्यांना सुचलेलं नाही. आमचा मुलगा तेवढ्या वेळात दात घासतो.